विकलेल्या घरातली बिऱ्हाडं



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हयातभर पुण्याच्या लघुवाद न्यायालयात भाडेकरूंचे दावे लढवले. त्यामुळे मला विषय शोधत बसावं लागलं नाही. शिवाजीनगरच्या कोर्टाच्या आवारात आजही जो प्रश्न वकिलाच्या टेबलापाशी येऊन उभा राहतो, तोच मी घेतला आहे. ‘साहेब, घर विकलं. नवा मालक खाली करा म्हणतो. आमच्याकडे कागद काहीच नाही. किती दिवस मिळतील?’

नीट ऐका हा प्रश्न. विचारणाऱ्याने त्यात दोन गोष्टी आधीच कबूल करून टाकल्या आहेत. घर विकलं म्हणजे आपला हक्क संपला, ही एक. कागद नाही म्हणजे आपल्याला हक्क नव्हताच, ही दुसरी. मग मागायला उरतं काय? फक्त दिवस. महिना द्या, मुलांची परीक्षा होऊ द्या, पावसाळा जाऊ द्या. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. त्यांपायी दरवर्षी कितीतरी माणसं, कोणत्याही न्यायाधीशाने सांगितलेलं नसताना, स्वतःच्या हाताने स्वतःचं सामान टेम्पोत भरतात. मला आज बोलायचं आहे ते याबद्दल.

पहिल्यांदा, घर विकलं जातं तेव्हा काय काय घडतं ते पाहू. पेठेतला एखादा जुना वाडा घ्या. पाच-सहा बिऱ्हाडं, चौकात सामाईक नळ, मागच्या बाजूला संडास. मूळ मालक केव्हाच गेले. आता सातबाऱ्यावर म्हणा, मिळकत पत्रिकेवर म्हणा, त्यांच्या नातवंडांची नावं लागलेली आहेत. एक कोथरूडला, एक ठाण्याला, एक परदेशात. परदेशातला कुलमुखत्यारपत्र पाठवतो. घेणाऱ्याचा वकील जुन्या नोंदींचा शोध घेतो, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो. या मिळकतीवर कोणाचा विक्री, गहाण, दान, भाडेपट्टा, वहिवाट असा कोणत्याही प्रकारचा हक्क असेल तर त्याने इतक्या दिवसांत पुराव्यानिशी कळवावं, नाहीतर हक्क सोडून दिला असं समजलं जाईल. पोळ्या लाटायला सकाळी सहाला घराबाहेर पडणारी बाई ती नोटीस कुठे वाचणार? आणि अशा नोटिशीला उत्तर दिलं नाही म्हणून तिचा भाडेहक्क संपतो, असं कोणता कायदा सांगतो? कोणताच नाही.

मग दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खरेदीखत होतं. त्यात ठरलेलं एक वाक्य असतं, मिळकतीचा ‘रिकामा, शांततामय व प्रत्यक्ष कब्जा’ खरेदीदाराला दिला. मी अशी खरेदीखतं वाचली आहेत. ज्या दिवशी हे वाक्य नोंदलं गेलं, त्या दिवशी त्या ‘रिकाम्या’ मिळकतीत चार चुली पेटलेल्या होत्या. माणसं जेवली, निजली, दुसऱ्या दिवशी कामावर गेली, आणि आपण कागदोपत्री नाहीसे झालो आहोत हे त्यांना कळलंही नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा. त्याचं कलम १०९ सांगतं की भाड्याने दिलेली मिळकत मालकाने दुसऱ्याला विकली, तर जुन्या मालकाचे हक्क नव्याकडे जातात आणि भाडेकरूने म्हटलं तर जुन्या मालकाच्या जबाबदाऱ्याही नव्याकडे जातात. जर्मनीच्या नागरी संहितेत हेच तत्त्व कलम ५६६ मध्ये आहे. आपल्याकडे ते सव्वाशेहून अधिक वर्षं आहे. भिंती विकत घेणाऱ्याने मालक म्हणून त्या भिंतींतला भाडेकरूही पत्करलेला असतो. उद्यापासून भाडं नव्याला द्यायचं, एवढाच काय तो भाडेकरूच्या बाजूने बदल. ‘मला माहीत नव्हतं, मला कोणी सांगितलं नाही,’ असं खरेदीदार म्हणतो. तेही चालत नाही. याच कायद्याच्या कलम ३ मध्ये स्पष्टीकरण आहे की मिळकतीत जो प्रत्यक्ष राहतो, त्याचा जो काही हक्क असेल त्याची खरेदीदाराला सूचना मिळाली आहे असंच धरलं जाईल. दारापाशी चपला दिसतात, दोरीवर कपडे वाळतात, ही कायद्याच्या नजरेत सूचना आहे. खरेदीदाराने दार वाजवून विचारायला हवं होतं. त्याने विचारलं नाही, तर तो दोष आत राहणाऱ्याचा कसा?

दुसरी समजूत कागदाची. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण खरी फसगत इथे होते.

जुन्या बिऱ्हाडांचं प्रकरण तुलनेने सोपं. महिन्याच्या भाड्याने राहणं तोंडी ठरलं, ताबा दिला, भाडं घेतलं, की भाडेकरार झाला. त्यासाठी १८८२ च्या कायद्याला लेखी दस्त लागत नव्हता. पण लोकांना वाटतं, नंतर कायदा कडक झाला, आता लेखी करार सक्तीचा आहे, मग आमचं काय? सक्तीचा आहे, हे खरं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, अमलात आला ३१ मार्च २००० रोजी. त्याच्या कलम ५५ ने लेखी आणि नोंदणीकृत करार सक्तीचा केला. पण कोणावर सक्ती? नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. नोंदणीकृत करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत.

म्हणजे ‘कागद नाही’ हे वाक्य भाडेकरूच्या तोंडी कबुलीजबाब म्हणून येतं, पण कायद्याच्या दृष्टीने तो मालकावरचा ठपका आहे. कागद करायचा कोणी? मालकाने. पावती द्यायची कोणी? तीही मालकानेच. कलम ३१ प्रमाणे घेतलेल्या प्रत्येक रकमेची लेखी पावती देणं त्याला बंधनकारक आहे. वर्षानुवर्षं रोखीने भाडं घेतलं, पावती दिली नाही, करार केला नाही, आणि शेवटी त्याच न दिलेल्या कागदाचा दाखला देऊन माणसाला बाहेर काढायचं, हे कायद्याला मंजूर नाही. अजिबात मंजूर नाही.

पण मग पुरावा कसला द्यायचा? माझ्याकडे आलेल्या एका बाईंचं सांगतो. प्लास्टिकच्या पिशवीत त्यांनी हाताला येईल ते भरून आणलं होतं, आणि पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, ‘हे काही कामाचं नाही हो.’ मी एकेक बाहेर काढत गेलो. गॅसचं पुस्तक. मुलाच्या शाळेचा दाखला, त्यावर पत्ता. महापालिकेच्या दवाखान्यातलं लसीकरणाचं कार्ड, धाकटीच्या जन्माच्या वेळचं. शिधापत्रिका. पोस्टाने आलेली लग्नपत्रिका, वर शिक्का आणि खोलीचा नंबर. वीजबिल मात्र जुन्या मालकाच्या आजोबांच्या नावावर. यजमान वारल्यावर पावतीवर यांचं नाव लागलं नव्हतं, म्हणून त्यांना वाटत होतं की आपण आता कुणीच नाही. निवासी जागेचा भाडेकरू मरण पावला, तर त्याच्यासोबत राहणारा कुटुंबीय भाडेकरू म्हणून पुढे राहतो, हे कायद्याच्या व्याख्येतच आहे. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्या पिशवीत त्या घरातला सगळा संसार तारखेवार होता. ताबा सिद्ध करायला याहून चांगला पुरावा मी क्वचित पाहिला आहे. हल्ली तर यूपीआयने पाठवलेल्या पैशांची नोंद फोनमध्येच असते. फक्त फोन बदलताना ती जपा.

आता त्या कागदाकडे वळतो, जो नव्याने पुढे केला जातो. नवा मालक घेतल्या घेतल्या भांडत नाही. त्याचा माणूस येतो, हातात फाईल. चहा घेतो, मुलांची चौकशी करतो, आणि शेवटी म्हणतो, ‘काकू, तुमच्याच फायद्याचं आहे. तुमच्याकडे कागद नव्हता, आता होईल. अकरा महिन्यांचा करार करून टाकू, नुसती फॉर्मॅलिटी.’ आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी आपल्याला कागद देतंय याचं त्या घराला बरं वाटतं. सही होते, अंगठा टेकला जातो.

श्रोतेहो, काय झालं त्या सहीने? भाडेकरू परवानाधारक झाला. लिव्ह अँड लायसन्सचा जो लेखी करार असतो, त्यात लिहिलेली हकिगत कलम २४ प्रमाणे निर्णायक पुरावा मानली जाते. म्हणजे ‘मी इथे तीस वर्षं भाडेकरू आहे’ हे नंतर सांगायला गेलात, तर सक्षम प्राधिकाऱ्यापुढे तो करारच बोलणार, तुम्ही नाही. मुदत संपली की जागा सोडायची, नाही सोडली तर ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई. आणखी एक. परवाना देणाऱ्याने मिळकत विकली, तर १८८२ च्याच सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे तो परवाना खरेदीदारावर आपोआप बंधनकारक नसतो. भाडेकरूचा हक्क विक्रीनंतर टिकतो, परवानाधारकाचा टिकेलच असं नाही. कागद नसलेला माणूस कागद असलेल्यापेक्षा सुरक्षित असू शकतो, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण आपल्या कायद्याची घडण अशी आहे. म्हणून विक्रीनंतर पुढे आलेल्या कोणत्याही कागदावर, वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. ‘उद्या देतो’ एवढं म्हणायला कोणाचीही परवानगी लागत नाही.

मालकांची बाजू मी विसरलेलो नाही. या सभागृहात वाड्यांचे मालकही असतील, आणि त्यांच्या मनात काय चाललं असेल याची मला कल्पना आहे. मुंबई इलाख्यात भाड्यावर पहिलं नियंत्रण १९१८ साली आलं, पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या घरटंचाईमुळे. मग १९४७ चा कायदा. त्याने १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याचा आधार घेऊन भाडी जवळजवळ गोठवून टाकली आणि पुढे अर्धशतक ती तशीच राहिली. छप्पर शाकारायचं तर एका पावसाळ्याचा खर्च सगळ्या बिऱ्हाडांच्या कित्येक वर्षांच्या भाड्याहून जास्त. त्यात १९७३ साली, १ फेब्रुवारीला ताब्यात असलेल्या परवानाधारकांनाही कायद्याने भाडेकरूचा दर्जा दिला, आणि जागा द्यायची म्हणजे गमवायची अशी भीती मालकांच्या मनात बसली. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात ही गोठवणूक काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी झाल्याचं म्हटलं. १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. वाड्याचा मालक अनेकदा स्वतःच हलाखीत होता, आणि वाडा विकणं हा त्याचा अखेरचा उपाय होता, हे मी मान्य करतो. पण तो अन्याय राज्याच्या धोरणाने केला होता. त्याची भरपाई चौकातल्या नळावर पाणी भरणाऱ्या बाईकडून वसूल का करायची? आणि हेही लक्षात घ्या की ज्या विकसकाने भाडेकरूंसकट म्हणून वाडा कमी किमतीत घेतला, त्याला ती सूट मिळालेलीच आहे. भाडेकरू काढून तो तीच सूट दुसऱ्यांदा घेतो.

नव्या मालकाला कायद्याने जागा मिळवण्याचे मार्ग आहेत, १९९९ च्या कायद्याच्या कलम १५ आणि १६ मध्ये ते दिलेले आहेत. स्वतःला राहायला खरोखर गरज आहे, असं म्हणून तो दावा लावू शकतो. पण मग न्यायालयाने दोन्ही बाजूंच्या अडचणींची तुलना करायची असते. हुकूम दिल्याने होणारा त्रास नाकारल्याने होणाऱ्या त्रासाहून अधिक असेल, तर हुकूम देता येत नाही. थकलेल्या भाड्याचं कारण असेल, तर आधी लेखी मागणी आणि नव्वद दिवस. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत थकबाकी पंधरा टक्के सरळव्याजासह आणि खर्चासह भरली, तर घर वाचतं. म्हणून नवा मालक भाडं घेत नसेल तर गप्प बसू नका. मनीऑर्डर करा. ती परत आली तर तो परत आलेला कागद जपून ठेवा. भाडं न घेणं ही फार जुनी युक्ती आहे. सहा महिने घ्यायचं नाही, आणि सातव्या महिन्यात थकबाकीदार म्हणायचं.

या मार्गाने जायला वेळ लागतो. म्हणून दुसरे मार्ग शोधले जातात. एक महापालिकेचा. वाडा धोकादायक असल्याची नोटीस निघते, महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली. कधी ती शंभर टक्के खरी असते. भिंतीला पोट आलेलं असतं, पावसाळ्यात जीव जाऊ शकतो. अशा घरात राहा असं मी कोणाला सांगणार नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटून पुण्यात पाणी शिरलं तेव्हा मातीच्या भिंतींचं काय झालं, हे या गावाला वेगळं सांगायला नको. पण घर पाडलं म्हणजे भाडेहक्क पाडला, असं होत नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने, महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, हे निःसंदिग्ध सांगितलं. इमारत पालिकेने पाडली तरी भाडेकरूचा हक्क जमिनीवर टिकून राहतो. म्हणून धोकादायक घरातून बाहेर पडताना आपली जागा किती, कुठली, कोणत्या मजल्यावर, याची पालिकेकडून लेखी नोंद घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका. मोजमाप लिहून घ्या, फोटो काढा, शेजाऱ्याची सही घ्या.

आणि तिसरा मार्ग. एके दिवशी नळाला पाणी येत नाही. जिन्यातला दिवा जातो. संडासाचं दार काढून नेलं जातं. मग दुपारी, घरात फक्त म्हातारी असताना, चार माणसं येऊन भांडी बाहेर ठेवतात आणि दाराला कुलूप लावतात. पोलीस चौकीत गेलं की उत्तर मिळतं, ‘दिवाणी बाब आहे, कोर्टात जा.’ अदखलपात्र नोंद होते आणि घरचे रस्त्यावर.

या क्षणासाठी कायद्यात काही आहे का? आहे. पाणी, वीज, जिन्यातले दिवे, स्वच्छतेची सोय तोडणं भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ प्रमाणे गुन्हा आहे आणि न्यायालय ती पूर्ववत करायला लावू शकतं. स्थिर ताब्यात असलेल्या माणसाला, त्याचा तिथे राहण्याचा हक्क संपला आहे असं गृहीत धरलं तरी, कायद्याच्या मार्गाखेरीज काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली कृष्णा राम महाले खटल्यात सांगितलं. आणि १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम ६ तर अशा बेघर झालेल्या माणसासाठीच आहे. संमतीशिवाय आणि कायद्याला डावलून तुम्हाला काढलं असेल, तर ताबा परत मागता येतो. तिथे मालक कोण हा प्रश्न विचारला जात नाही. फक्त दोनच गोष्टी पाहिल्या जातात. ताबा होता का, आणि तो जबरदस्तीने काढला का. यात अट मात्र एक आहे, आणि ती निर्दय आहे. दावा सहा महिन्यांच्या आत लावायला हवा. हे सहा महिने कसे जातात ते मी पाहिलं आहे. पहिला महिना बहिणीकडे. मग नगरसेवकाकडे हेलपाटे. मग नवी खोली, डिपॉझिटची जुळवाजुळव. कोणी तरी म्हणतं, ‘मोठ्या लोकांशी कशाला वैर?’ वकिलाकडे पाय वळतात तेव्हा मुदत सरलेली असते.

हे सगळं संरक्षण सगळीकडे सारखं नाही, हेही सांगायला हवं. भाडे नियंत्रण कायदा त्याच्या अनुसूचीत दिलेल्या भागांनाच लागू आहे. शहराबाहेर, कारखान्यांच्या आसपास, ग्रामपंचायतीच्या हद्दीत पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. तिथे लातूर-नांदेडकडून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली माणसं रोखीने भाडं देऊन राहतात. त्यातल्या अनेकांना हे कवच नाही. जमीन विकली गेली की पंधरा दिवसांच्या नोटिशीवर त्यांचं भाडेपण संपवता येतं. तरीही नोटीस द्यावी लागते आणि हुकूम आणावा लागतो. जेसीबी हा हुकूम नव्हे.

काय बदलायला हवं? माझ्या मते सगळ्यात निकडीची गोष्ट नोंदणी कार्यालयात आहे. खरेदीखतात ‘रिकामा कब्जा’ लिहिताना आत कोण राहतं याचं प्रतिज्ञापत्र विकणाऱ्याकडून आणि घेणाऱ्याकडून घ्यावं, आणि राहणाऱ्यांना विक्रीची नोटीस त्यांच्या दारावर द्यावी, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर नव्हे. खोटं लिहिलं तर दस्तावर परिणाम व्हावा. दुसरं, दिल्लीच्या १९५८ च्या भाडे कायद्यात अशी तरतूद आहे की घर विकत घेणाऱ्याला स्वतःच्या गरजेचं कारण पुढे करून पहिली पाच वर्षं भाडेकरूला काढता येत नाही. भाडेकरू असलेलं घर स्वस्तात घ्यायचं आणि लगेच ‘मला राहायचं आहे’ म्हणायचं, हा धंदा त्याने बंद होतो. आपल्या कायद्यात अशी मुदत यायला हवी. कलम ५५ ची शिक्षा कागदावरच राहू नये, हे तिसरं. आणि सहा महिन्यांची अट निदान एक वर्ष व्हावी. त्यासाठी संसदेत जावं लागेल, तर जावं.

तोवर जे हातात आहे ते सांगून थांबतो. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १९८७ च्या कायद्याप्रमाणे तिथे मोफत वकील मिळतो. स्त्री असेल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती असेल, तर उत्पन्नाची अट नाही. ज्या घरात घर विकल्याची कुजबुज सुरू झाली असेल, त्या घरातल्या बाईने कुलूप लागायची वाट न पाहता, आपली पिशवी घेऊन याच आठवड्यात तिथे जावं. मनाई हुकूम ताबा असतानाच मागायचा असतो.